न वाचता पुसलेला मजकूर

आमच्या मागच्या पडवीत एक मोठा लाकडी फळा भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्याकडे तोंड करून मी झोपत नाही. सुना हसतात, आईंना भुताची भीती वाटते म्हणतात. हसू देत. मी ज्या भुताबद्दल बोलते ते जिवंतपणीच भूत झालं होतं आणि सायकलवरून यायचं, हे त्यांना सांगून पटायचं नाही.

फळा पूर्वी तुमसरला आमच्या दुकानाच्या बाहेरच्या भिंतीवर होता. दुकान लुगड्यांचं. सासरे हातमागावर बसलेले, पुढे विणणं सोडून विकायला लागले, आणि ते गेल्यावर गल्ल्यावर आमचे हे आले. पण ह्यांचं चित्त लुगड्यांत कधीच नव्हतं. ह्यांचं चित्त दिल्लीत. गिऱ्हाईक काठ दाखवा म्हणायचं आणि हे त्याला लोकसभेत काल काय झालं ते सांगायचे. काठ मीच दाखवायची.

आमचा पक्ष तेव्हा लहान होता. धर्म मानणारा, जुन्या चालीरीती मानणारा, व्यापारात आणि शेतीत सरकारने नाक खुपसू नये म्हणणारा. समाजवाद हा शब्द कोणी काढला की ह्यांच्या तोंडातलं पान कडू व्हायचं. धानावर लेव्ही लागली, म्हणजे सरकारने आपल्या भावाने सक्तीने धान उचललं, की तांदूळ मिलवाले, अडते, शेतकरी सगळे आमच्या ओट्यावर येऊन सरकारच्या नावाने बोटं मोडायचे आणि निवडणूक आली की गुपचूप दुसरीकडे मत टाकायचे. पक्षाचं वर्तमानपत्र आमच्या गावात येत नव्हतं, म्हणून पक्षाचा फळा होता. त्यावर रोज आठ-दहा ओळींत देशाचा समाचार घेतला जायचा. लिहिणारे दोघे, एक आमचे हे, दुसरे गुरुजी.

गुरुजी आंधळगावचे, धान पिकवणाऱ्या घरातले. तुमसरला शाळेत शिकवायचे आणि आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. अंगाने काटकुळे, आवाज मात्र भरदार. मला वहिनी म्हणत, मी त्यांना भाऊजी म्हणे. रोजचा चहा आमच्याकडे. चहात साखर कमी असली तर म्हणत, "वहिनी, साखरेवर बी कंट्रोल लागला का जी?"

साखरेवरून आठवलं. गुरुजी खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ठेवायचे. त्याने अक्षर ठसठशीत उमटतं आणि धुळीने उडत नाही, ही मास्तर लोकांची युक्ती. त्यामुळे त्यांच्या मजकुरावर मुंग्या यायच्या. हे म्हणायचे, "तुमचं लिहिणं एवढं गोड कसं काय गा? मी लिहिलं तर माशीबी बसत नाही." त्यावर गुरुजी खूश व्हायचे.

फळ्याचा एक नियम होता, तो गुरुजींनी घातलेला. एक दिवस एकाने लिहायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. दिवेलागणीला लिहायचं. सकाळी मिलचा भोंगा वाजायच्या सुमाराला चौकात हमाल, धान घेऊन आलेले शेतकरी, बसची वाट पाहणारे असे लोक जमत. त्यांतल्या अर्ध्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यासाठी तो मजकूर मोठ्याने वाचला जायचा. पण लिहिणाऱ्याने स्वतःचा वाचायचा नाही. दुसऱ्याने वाचायचा, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत, पटो न पटो. काही म्हणायचं असेल तर वाचून झाल्यावर म्हणायचं. वाचल्याशिवाय फळा पुसायचा नाही. जे वाचलं गेलं नाही ते फळ्याने म्हटलंच नाही, असं ते दोघे मानत. कितीदा तरी मी ह्यांना गुरुजींचं न पटलेलं लिखाण दात खाऊन वाचताना पाहिलं आहे, आणि शेवटी "हे लिहिणाऱ्याचं डोकं तपासाले पायजे" म्हटल्यावर गुरुजींसकट सगळा चौक हसताना पाहिला आहे.

मग आणीबाणी आली. पोलिसांनी आधी फळा पुसला, मग दोघांना नेलं. गुरुजींची बायको मुलांना घेऊन माझ्याकडेच राहायला आली. तेव्हा पक्षाची माणसं काय असतात ते मला कळलं. ज्यांची नावं मला माहीत नव्हती अशी माणसं तांदूळ आणून टाकत, पोराच्या अंगात ताप आहे कळलं की डॉक्टर घेऊन येत, आणि दारात न बसता परत जात. कारण आमच्या दारात बसणं तेव्हा महागात पडायचं. म्हणून पुढे हे जेव्हा पक्ष पक्ष करायचे तेव्हा मी त्यांना फार बोलले नाही. त्यांचा पक्ष म्हणजे घोषणा नव्हत्या, ती तांदूळ आणणारी माणसं होती. त्या काळात मी तो रिकामा फळा रोज ओल्या फडक्याने पुसायची. त्यावर काही नसायचं, तरी पुसायची. हात लागला की बरं वाटायचं.

दोघे तुरुंगातून आले तेव्हा हसत हसत एक गोष्ट सांगायचे. आत फळा नाही, खडू नाही. तर गुरुजी संध्याकाळी दहा ओळी तोंडी सांगायचे आणि हे सकाळी त्या जशाच्या तशा बराकीत म्हणून दाखवायचे. दुसऱ्या दिवशी उलट. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर हरले. हे म्हणायचे, "तिथून सुटलो पण सवय नाही सुटली. याचा मजकूर एकदा नजरेखालून गेला की माया टकुऱ्यात बसते, काढतो म्हटलं तरी निघत नाही."

आणीबाणी उठून सत्ता आली तेव्हा आमचा पक्ष इतर वेगळ्या पक्षांबरोबर एका नव्या पक्षात विरघळला. हे पेढे वाटत फिरले. गुरुजींनी पेढा घेतला, पण चहा पिताना म्हणाले, "ज्यायच्यासंग बसलो त्यायच्याविरुद्ध आपण उभं आयुष्य लिहिलं. आता फळ्यावर काय लिहू मी?" हे म्हणाले, "लिहा, की आपलं राज्य आलं." गुरुजींनी ते लिहिलं नाही. तिथून मिठाचा खडा पडला म्हणायला हरकत नाही, पण दोघे एकमेकांचं वाचत होते. तोवर मला काळजी नव्हती.

ते राज्य भांडणात गेलं. आमच्या लोकांनी पुन्हा वेगळं घर मांडलं, नवं नाव घेतलं, नवा झेंडा. आणि नव्या घराच्या दारावर कोणीतरी नेमका तोच शब्द लिहिला. समाजवाद. त्याच्या मागेपुढे गोड शब्द लावले होते, पण शब्द तोच. आपण आता सगळ्यांचे आहोत, गरिबांचे आहोत, असं लोकांना वाटावं म्हणून. ही बातमी नागपूरहून आली तेव्हा हे गल्ल्यावर बसले होते. पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "वरच्यायनं काही विचार केलाच असन."

त्या संध्याकाळी लिहिण्याची पाळी गुरुजींची होती. अंधार पडता पडता ते आले, चहाला थांबले नाहीत, लिहून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याचे पुढारी आमच्या ओट्यावर बैठकीला यायचे होते. सतरंजी मी आदल्या दिवशीच धुऊन ठेवली होती. पहाटे सडा टाकायला दार उघडलं तर हे फळ्यासमोर उभे. हातात माझंच ओलं फडकं. वाचत होते. ओठ हलत नव्हते, नुसते डोळे फिरत होते. मग त्यांनी फळा पुसला. घाईघाईने, वरून खाली, कोपरे तसेच ठेवून.

मी म्हणाले, "अहो, वाचायच्या आधी?"

"तू आत जाय."

भोंगा झाला, माणसं जमली, गुरुजी सायकल हातात धरून आले. त्या सकाळी त्यांनी स्वच्छ धोतर नेसलं होतं, इस्त्रीचं. हे मी विसरत नाही. लग्नाला निघालेल्या माणसासारखे आले होते बिचारे.

"वाचा, भाऊ," ते म्हणाले.

हे म्हणाले, "काय वाचू? फळ्यावर काही नाही आज."

गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं. काळ्या लाकडावर पुसट पांढरे फराटे होते आणि त्यांवरून मुंग्या चालल्या होत्या, ओळीने, जिथे जिथे अक्षरं होती तिथून. एका हमालाने विचारलं, "गुरुजी, लिवलंच नाही का तुमी?"  गुरुजींनी सायकल वळवली. 

बैठक झाली, पुढारी जेवले, गेले. मग मी ह्यांना धरलं.  "काहून केलं असं? त्यायच्या पोरांसंग माये पोरं एका ताटात जेवले. काहून?"

ह्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. म्हणाले, "तो मजकूर मी वाचला असता तर तो पक्षाच्या फळ्यावर बोलला असं झालं असतं. तिकडून पुढारी येऊन राहिले. त्यायनं त्याले आजच्या आज काढून टाकलं असतं. वाचलाच नाही, तर त्यानं म्हटलंच नाही. आपला नियम आहे न! मी त्याले सांभाळलं."

ही ह्यांची अक्कल. जगात दुसरा कोणी असा विचार करणार नाही. दोन माणसांनी मिळून खडूचा एक नियम केला आणि त्या नियमाच्या आडोशाला मित्राला लपवायला निघाले. बरं, लपला तरी का? पहाटे दूधवाल्याने फळा वाचला होता आणि पुढाऱ्यांच्या कानावर जेवणाआधीच गेलं होतं.

"मग हे त्यायले जाऊन सांगा," मी म्हणाले.

"त्याले समजत नसन तर मी काय सांगू?"

म्हणून मीच गेले. गुरुजींच्या बायकोने पाट दिला, पाणी दिलं आणि आत निघून गेली. गुरुजी शाळेच्या वह्या तपासत होते. मी सगळं सांगितलं. वर न पाहता ते म्हणाले, "मले माहीत आहे, वहिनी. भाऊचा सोभाव मी नाही ओळखत का?"

"मग झालं तर. या न चहाले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मले काढलं असतं तं काढलं असतं. पण त्यायच्या तोंडून चौकात ते एकदा निघालं असतं. मंग त्यायनं मले शिव्या देल्ल्या असत्या तरी चाललं असतं. मी ते लोकायसाठी लिहिलं, पण आवाज भाऊचा पायजे होता. मले झाकाले कोणी सांगतलं होतं?"

मी उठले. दारातून बाहेर पडताना ते मागून म्हणाले, "चहाले नका बोलावू आता. मले नाही म्हणता नाही येत तुमाले."

पक्षाने त्यांना काढलंच. वरून निरोप आला, की त्यांच्याशी संबंध ठेवायचा नाही. आणि ह्यांनी तो पाळला. तुरुंगात ज्याच्या ओळी पाठ करून म्हटल्या त्या माणसाशी दोन गल्ल्यांच्या अंतरावर राहून बोलणं बंद. मला दोघांचाही राग होता, आजही आहे. एकाला पक्ष सोडवेना, दुसऱ्याला शब्द सोडवेना, आणि दोघांची घरं माझ्या चुलीवर एक झालेली.

आता फळ्यावर रोज हेच लिहायचे आणि सकाळी स्वतःच वाचायचे. नियम मोडलेला, पण सांगणार कोण? आणि तेव्हापासून ते भूत लागलं. सकाळी भोंगा झाला की चौकाच्या पलीकडे पिंपळाखाली सायकल येऊन थांबायची. एक पाय पायडलवर, एक जमिनीवर. हे वाचायचे, सायकल थांबलेली. वाचून संपलं की जायची. रोज. पावसात डोक्यावर घोंगडी घेऊन. नमस्कार नाही, हसणं नाही, टोमणा नाही. फक्त ऐकायचं. ह्यांनी कितीदा म्हटलं, "त्याले म्हणा येत नको जाऊ," पण म्हणणार कोण, रस्ता सरकारचा. हळूहळू ह्यांचं लिहिणं बदललं. आधी पल्लेदार वाक्यं असायची, ती लहान झाली. लिहिताना मध्येच थांबून पिंपळाकडे पाहायचे. संध्याकाळी तिथे कोणी नसायचं, तरी पाहायचे. मी चहाला हाक मारली की दचकायचे.

एकदा मला म्हणाले, "मी लिहितो न, तं तो मनातल्या मनात खोडून राहिला असं वाटते."

पुढे एका निवडणुकीत पक्ष पार झोपला. एवढा, की आमच्या ओट्यावर बसायला माणूस येईना. आणि त्यानंतर वरच्या लोकांनी बैठका घेतल्या, आपलं काय चुकलं ते शोधलं, आणि तो शब्द गुपचूप काढून ठेवला. जुन्याच वाटेने जायचं ठरलं. कार्यकर्त्यांनी लोकांना समजावून सांगावं, असा निरोप आला.

ह्यांनी त्या संध्याकाळी फळ्यावर लिहिलं की पक्ष आपल्या मूळ विचारावर ठाम आहे. लिहायला इतका वेळ लागला, की दिवा धरून माझा हात भरून आला.

सकाळी सायकल आली. ह्यांनी वाचायला सुरुवात केली. "मूळ विचार" या शब्दांपाशी अडले. खाकरले, पुन्हा वाचलं. मी दारात देवाचा धावा करत उभी होते, की गुरुजी, हसा. मोठ्याने हसा. लेकहो आता कळलं का म्हणा. चौकात शिवी द्या. म्हणजे हे धावत येतील, भांडतील, गळ्यात पडतील. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पूर्ण ऐकलं, मान खाली घातली आणि पायडल मारलं. दुसऱ्या दिवशी सायकल आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ते शाळेला दुसऱ्या वाटेने जायला लागले. खरे ठरले होते, पण त्यांना ते पाहवलं नाही असं मला वाटतं.

सायकल होती तेव्हाचं भूत परवडलं. आता हे रिकाम्या पिंपळाकडे पाहून वाचायचे आणि वाचून झाल्यावर थोडं थांबायचे, कोणी जायचं बाकी असल्यासारखं.

गुरुजी वारले ते आंधळगावला, भावाच्या घरी, छातीच्या दुखण्याने. निरोप आला तेव्हा हे जेवत होते. हात धुतला, चप्पल घातली आणि बसस्टँडवर गेले. मीही मागोमाग गेले. तिथे त्यांच्या भावाच्या अंगणात पक्षाची काही माणसं आलेली. एकाने पिशवीतून नवा झेंडा काढला, अंगावर घालायला. हे पुढे झाले आणि त्याचा हात धरला. एवढंच म्हणाले, "राहू दे. त्यानं नव्हता घेतला." तिरडीचा खांदा मात्र ह्यांनी शेवटपर्यंत बदलू दिला नाही.

परत येताना पक्षाचे लोक म्हणाले, श्रद्धांजली तुम्हीच लिहा फळ्यावर, निष्ठावंत कार्यकर्ता म्हणून. हे हो म्हणाले.

पण त्या संध्याकाळी काहीच लिहिलं नाही. सकाळी भोंग्याच्या सुमाराला बाहेर गेले. चौकात नेहमीसारखी माणसं होती, बरेचसे चेहरे नवे. फळा कोरा होता. हे त्याच्यासमोर उभे राहिले, चष्मा लावला, आणि कोऱ्या फळ्यावर बोट ठेवून वाचायला लागले.

"ज्या शब्दाविरुद्ध आपण इतकी वर्षे या फळ्यावर लिहिले, तो शब्द पक्षाने स्वीकारला आहे. त्याने मते मिळतीलही. पण या फळ्यावर विश्वास ठेवून ज्यांनी शिव्या खाल्ल्या, त्यांना आज काय सांगायचे? आपण तेव्हा खोटे बोलत होतो, की आज बोलत आहोत? हे मी विरोधक म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या घरी मी रोज चहा पितो, ते उद्या हे वाचतील. त्यांना पटणार नाही. तरी ते पूर्ण वाचतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहिले."

बोट ओळीओळीने खाली सरकत होतं. एक शब्द अडला नाही. हमाल एकमेकांकडे पाहत होते, एकाने फळ्याकडे बोट करून डोक्याशी हात फिरवला. मी फडकं तोंडात कोंबून उभी होते, नाहीतर ओरडले असते.

वाचून झाल्यावर हे नेहमीसारखं थोडं थांबले. मग माझ्या हातातून फडकं घेतलं आणि कोरा फळा पुसला, सावकाश, कोपऱ्यांसकट.

"पिंपळापर्यंत आवाज गेला का वो?" मला विचारलं.

पिंपळाखाली एक बकरी बांधलेली होती. मी म्हणाले, "गेला."